इंजिनाने प्यायलेली बिअर

सातुर्निना चिपानाची उंच टोपी मिनीबसच्या छताला लागते, म्हणून गाडी चालवताना ती टोपी शेजारच्या सीटवर ठेवते. एल आल्तो शहरातल्या थांब्यावर कितीही गर्दी असो, तिथे कुणी बसायचं नाही. कुणी कुरकुरलंच तर म्हणते, "तिने तुझ्याआधी नंबर लावलाय."

पोलेरा, म्हणजे घेरदार परकर, सावरत क्लच दाबणारी त्या मार्गावर ती एकटीच. गाडी शिकली बापाच्या बटाट्याच्या ट्रकवर. नवऱ्याने शिकवली असं म्हणणाऱ्याला ती अजूनही उभं-आडवं घेते. नवरा चार वर्षांपासून साओ पाउलोत शिलाई मशीनवर बसलाय, आणि तेव्हापासून धाकटा दीर विल्फ्रेदो याचा डोळा तिच्या स्टिअरिंगवर आहे.

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्यांच्या गाड्यांसारखी तिच्याही गाडीची चाल्या, म्हणजे पूजा, झाली. फुगे, फुलं, रंगीत कागदाच्या टिकल्या, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला शुद्ध अल्कोहोलचा घोट आणि गाडीला बिअर. बुधवारी गाडी अंगणातच होती. गुरुवारी सकाळी पहिल्याच खेपेला डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मधोमध इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि चढावर गाडीला धाप लागली.

थांब्याचा पुढारी इलारियोन याला असल्या बातम्या आधी कळतात. "बाई, दिवा पेटलेली गाडी रांगेत नको. सोमवारी सकाळी विझलेला दिसला नाही, तर तुमचा नंबर गेला."

"आणि चाक माझ्या हातात द्या," विल्फ्रेदोने संधी साधली. "वहिनी, खरं सांगू? पाचामामा रुसलीय. बाईमाणसाने गाडी हाकलेली तिला आवडत नाही."

"भावजी, पाचामामा स्वतः बाई आहे. आमचं आम्ही बघून घेऊ."

गराजवाल्याने लांबूनच मान हलवली. "इंजिन उघडावं लागेल."

"उघडून काय सापडेल?"

"ते उघडल्यावर कळेल."

"मग माझं मी उघडते. न कळायला तुझी काय गरज?"

शुक्रवारी तिने बाह्या सरसावल्या. हिशेब सरळ होता: सोमवारपर्यंत गाडी धडधाकट, बुधवारी उभी, म्हणजे जे बिघडलं ते मंगळवारी. बॉनेट उचललं तशी आंबलेल्या बिअरची वाफ नाकात शिरली. ऑइल ठीक. वायरी कोरड्या. मग एअर फिल्टरच्या डब्याकडे लक्ष गेलं. त्याची एक क्लिप उघडी होती.

झाकण काढलं आणि ती हसायलाच लागली. आत कार्निव्हल चालू होता! फिल्टरचा लगदा झालेला, त्यात पिवळ्या पाकळ्या, हिरव्या-गुलाबी टिकल्या. पुढच्या नळीत इंजिनाची हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या केसाएवढ्या तारेवर बिअरचा चिकट थर वाळला होता. बिचारा मोजणार काय?

"भावजी, ही क्लिप कुणी काढली?"

विल्फ्रेदो फुशारला. "मीच! इंजिनालाही पाजायला नको? मनापासून पाजली, दोन बाटल्या."

"पाजली तुम्ही, आणि रुसली पाचामामा?"

त्याला एकाएकी कामं आठवली.

चाल्यातलं शुद्ध अल्कोहोल बाटलीच्या तळाशी उरलं होतं. पहिला थेंब तिने जमिनीला दिला, कारण मान मानाच्या जागी. उरलेल्यातून सेन्सरची तार अगदी हळुवार, न घासता धुऊन वाळवली. नळी पुसली. रविवारी बाजारातून नवा फिल्टर आणला, गाडीने जुनी तक्रार विसरावी म्हणून बॅटरीची वायर सोडली, सालतेन्या, म्हणजे मांसाच्या रसाळ करंज्या, खाऊन होईपर्यंत थांबली, पुन्हा जोडली. किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला, विझलेलाच राहिला. मुद्दाम ती सर्वांत खड्या चढावर दोनदा जाऊन आली. धाप नाही.

सोमवारी इलारियोनने खिडकीतून डोकं घातलं. "विझलाय की वरून टेप चिकटवलीय?"

सातुर्निनाने इंजिन बंद केलं आणि किल्ली अर्धी फिरवली. सगळे दिवे एकदम उजळले, पिवळाही. चालू केल्यावर सगळे विझले. "टेपखालून असं दिसतं का? तुमच्या गाडीत करून दाखवा बघू."

मागच्या ड्रायव्हरांत हशा पिकला. इलारियोनच्या स्वतःच्या दिव्यावरची टेप साऱ्या थांब्याला माहीत होती. त्याने डोकं बाहेर काढलं आणि वहीत तिचा नंबर होता तिथेच ठेवला.

पहिली खेप निघताना विल्फ्रेदो पुढच्या दाराशी आला. "वहिनी, उचला की टोपी."

"तिने नंबर लावलाय. मागे बसा, भावजी. आणि दार नीट लावा. झाकणं उघडी ठेवायची सवय आहे तुम्हाला."