सात की सहा

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला राहायला आल्यापासून आमच्या घरात मराठीचा एक खास उपयोग होता, चारचौघांत गुपित बोलायचा. दुकानात बिलाच्या रांगेत उभं राहून पुढच्या बाईच्या टोपीवर, पावाच्या किमतीवर, कुणाच्या कुत्र्यावर आम्ही खुशाल शेरे मारायचो. माझी लेक एरवी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही पक्क्या आयरिश हेलात. पण कुणाची टर उडवायची असली की बाईसाहेबांना अस्खलित मराठी यायचं. मला त्याचं कौतुकच होतं.

ती गोल्फ खेळायला लागली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. एवढासा चेंडू, एवढं मोठं कुरण आणि वर तो समुद्राचा वारा. पण तिचे बाबा सदा ऑफिसच्या कॉलवर, तेव्हा ने-आण माझ्याच गळ्यात पडली. चार हिवाळे मी तिच्या मागून चालले. कोणत्या नंबरची काठी चेंडू किती लांब नेते, हे मला पाठ झालं; नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब. वारा तर मला तिच्याआधी कळायचा. या देशात कपडे वाळत घालणाऱ्या बाईला तो शिकवावा लागत नाही. तिच्या बॅगेत तूप-साखरेची पोळी गुंडाळून ठेवायची आणि अंतर राखून चालत राहायचं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने एका कॉलेजच्या गोल्फ शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तिथल्या प्रशिक्षकांनी कळवलं, ऑक्टोबरच्या स्पर्धेत ऐंशीच्या आत खेळून दाखव, मग पाहू. या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. पालकांनी लांबूनच बघायचं. खेळाडूने त्यांना नुसता सल्ला विचारला तरी दोन फटक्यांचा दंड.

सोळाव्या होलवर वारा फिरला. ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. मान न वळवता, रांगेतल्या बाईबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाली, "आई, सात की सहा?"

"सहा," मी म्हणाले. "वारा समोरून आहे."

चेंडू झेंड्याजवळ जाऊन थांबला. शेवटी तिचे अठ्ठ्याहत्तर झाले. मी मनातल्या मनात पेढेही वाटून टाकले. आणि ही कार्डावर सही करण्याआधी पंचांना सगळं सांगून मोकळी झाली. दंड धरून ऐंशी, म्हणजे एका फटक्याने हुकलं.

परतताना गाडीत मी तिला खूप बोलले. कुणाला कळणार होतं, मराठी होतं ते, मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस. बोलून दमल्यावर माझ्या लक्षात आलं की मराठी कुणाला कळत नाही हे तिला मीच शिकवलं होतं. सवय माझी आणि दंड तिला. हे तिच्याजवळ कबूल करायला मला आठवडा लागला.

दंड तिने स्वतःहून सांगितला हे कळल्यावर प्रशिक्षकांनी वसंतात तिला आणखी एका फेरीसाठी बोलावलं. या वेळी तिने मला गाडीतच थांबायला सांगितलं. मला राग आला, पण थांबले. साडेचार तास वारा गाडी हलवत होता आणि मी आपली प्रत्येक झोताला मनात काठी बदलत होते.

ती आली, बॅग डिकीत टाकली आणि शहात्तर म्हणाली. प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. मी तिला घट्ट धरलं. एवढ्या वाऱ्यात जड गेलं असेल ना, म्हणून विचारलं.

"इट वॉज ग्रँड, आई," ती म्हणाली. "विचारायला कुणी नव्हतं, सो मी मारत गेले."

मी गाडी सुरू केली. आनंद तर होताच, पण खोटं कशाला बोलू, मला वाईटही फार वाटलं. चार हिवाळे मी चालले ते तिच्या तोंडून हेच ऐकण्यासाठी, आणि ऐकल्यावर वाटलं, इतक्या लवकर ऐकायला नको होतं.