रोलर घेतला केसरीनाथनं

अंजूरची खाडीकडची जमीन गोदामवाल्यांकडे गेली, त्या वर्षी भोईरांच्या अंगणात दोन वाहनं आली. धाकट्या बाळारामनं पांढरीशुभ्र मोठी गाडी आणली. तिला हार घातला, गावभर पेढे वाटले. थोरल्या केसरीनाथचं वाहन त्याच आठवड्यात ट्रेलरवरून आलं आणि ते उतरवायला क्रेन बोलवावी लागली. रस्ते दाबायचा जुना रोलर होता तो. तीन लोखंडी चाकं, वर गंजलेलं पत्र्याचं छत, आणि इंजिनाच्या पोकळीत चिमण्यांचं घरटं.

केसरीनाथची बायको जानकीबाई पदर खोचून बाहेर आली. तिनं रोलरला एक फेरी मारली.

"नारळ याच्यावर फोडू, का याच्याखाली ठेवू?" तिनं विचारलं.

केसरीनाथ हसला. "सरकारी लिलाव होता. भंगारवाला गॅस कटर पेटवूनच उभा होता गं. मी मधी पडलो."

एवढंच कारण त्यानं तेव्हा दिलं आणि नंतरही कधी वाढवून सांगितलं नाही. पंचवीसेक वर्षं तो भिवंडीत लूमच्या कारखान्यात फिटर होता. शिफ्ट संपली तरी बंद पडलेला लूम सोडून यायचा नाही. आता लूम भंगारात निघत होते, आणि पैसा आल्यावर घरी बसायची गावात पद्धतच पडली होती. केसरीनाथला बसता येत नव्हतं.

इंजिनानं फारसा त्रास दिला नाही. घरटं त्यानं पिल्लं उडून जाईपर्यंत तसंच ठेवलं, मग एकेक भाग खोलून रॉकेलमध्ये धुतला. झिजलेलं होतं ते भिवंडीतल्या लेथवर करून घेतलं. दिवाळीनंतर एका सकाळी इंजिन धडधडायला लागलं, तसं शेजारपाजारचं सगळं माणूस गोळा झालं. केसरीनाथनं गिअर टाकला. रोलर हातभर पुढं सरकला, पोटात कडाड् आवाज झाला आणि तिथंच थांबला.

मागच्या मोठ्या चाकाला फिरवणारं छोटं दातेरी चक्र, ज्याला पिनियन म्हणतात, त्याचे दाते तुटले होते. उरलेले झिजून सुरीसारखे झाले होते. केसरीनाथनं वेल्डिंग भरून, घासून नवे दाते उठवले. पहिल्याच चढाला तेही निघाले. नवा पिनियन कुठं मिळेल म्हणून तो कुर्ल्यापर्यंत फिरून आला. सगळीकडे एकच उत्तर: ही कंपनीच बंद झाली, आता पार्ट बनत नाहीत.

"मूळचा दात कसा होता तेच कळत न्हाय," तो जेवताना म्हणाला. "एक जरी धड दात बघायला मिळाला ना, तरी बनवीन."

असाच एक रोलर अकलोलीजवळच्या एका पाड्याला पडून आहे, हे त्याला एका डंपरवाल्यानं सांगितलं. नवराबायको दोघंही गेली. रोलर होता खरा, चिंधू नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर, अर्धा चिखलात रुतलेला. रस्त्याचं काम अर्ध्यावर टाकून ठेकेदार गेला होता, तो परत आलाच नव्हता. त्या ठेकेदाराच्या मुलाला केसरीनाथनं आधीच विचारलं होतं; काय हवं ते काढून न्या, म्हणाला होता तो. चिंधू मात्र चाकाला पाठ टेकून बसला.

"हात लावायचा न्हाय."

"बाबा, तुमचा काय उपयोग याचा?"

"उपयोग हाय. हा हितं हाय म्हणून आम्ही म्हणतो, रस्त्याचं काम चालू हाय. हा गेला की कोन इचारनार? पोरीबाळींना दवाखान्यात न्यायचं तर आजपन डोली करावी लागते."

जानकीबाई चिंधूसमोर जमिनीवर बसली.

"रोलर न्हाय नेत बाबा, त्याचं एक छोटं दातेरी चाक नेतो. आमचा चालू झाला की तुमचा रस्ता दाबून देतो. हे न्हाय आले तर मी यांना घेऊन येते."

चिंधू उठला आणि घरातून पहार घेऊन आला.

तो पिनियनही पूर्ण नव्हता. चिखलातली बाजू गंजानं खाल्ली होती. पण वरच्या बाजूला वाळलेल्या ग्रीसचा जाड थर होता, आणि तो खरवडल्यावर खालून निघाले ते दाते कोरे होते, जणू कालच ओतलेले. केसरीनाथनं त्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं.

घरी त्यानं त्या दातांवरून सागवानी लाकडाचा फर्मा कोरला. भिवंडीतल्या ओतशाळेचे रफीउद्दीन उस्ताद फर्मा बघून म्हणाले, "केसरीभाई, थोडा बडा रखो. लोहा ठंडा होके सिकुड़ता है." त्यानं दुसरा कोरला. पहिलं ओतकाम घासताना एका दातात बारीक भोक दिसलं, आत हवा राहिली होती. केसरीनाथ म्हणाला, एवढ्यानं काय होतंय. उस्तादांनी ते उचललं आणि स्वतःच्या हातानं भट्टीकडे टाकलं. "चढाव पे टूटेगा तो आप नीचे होंगे." दुसरं साफ निघालं.

मग कानस. दात दाताला नीट बसतोय का हे बघायला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चक्र फिरवायचं, शेंदूर जिथं पुसला जाईल तिथं घासायचं. लाल हात घेऊन केसरीनाथ अंगणात बसलेला असायचा, आणि मारुतीचं देऊळ बांधताय का, असं येणारेजाणारे विचारायचे. संक्रांतीच्या सुमारास रोलर अंगणातून निघाला, खाडीच्या बांधापर्यंत गेला आणि परत आला. कडाड् आवाज झाला नाही. जानकीबाईनं मग नारळ फोडला, चाकावर.

अकलोलीला रोलर ट्रेलरवर न्यायचा असं बाळाराम म्हणत होता. केसरीनाथला तो चालवतच न्यायचा होता. रोलर माणसाच्या चालीनं चालतो. अंबाडीला मुक्काम करावा लागणार होता. जानकीबाई भाकऱ्या बांधून छताखाली त्याच्या शेजारी चढली. भिवंडीच्या नाक्यावर मागं ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. केसरीनाथनं वळून बघितलं तर रोलरच्या अगदी मागं बाळारामची पांढरी गाडी, दोन्ही बाजूचे दिवे लुकलुकवत, ट्रक अडवून धरत हळूहळू येत होती.

"तू कशाला?" केसरीनाथ ओरडला.

"डिझेल घेऊन आलोय! चल तू!"

तो दोन दिवस तसाच मागं राहिला.

पाड्यावर लोकांनी आपापल्या अंगमेहनतीनं खडी आणि मुरूम पसरून ठेवला होता. रोलर पहिल्यांदा त्यावरून गेला तेव्हा चिंधू पुढून उलटा चालत होता, चाकावरची नजर न काढता. दिवसभर फेऱ्या झाल्या. दुपारी एका घरातून चहा आला, दुसऱ्यातून नाचणीची भाकर. उन्हं कलली तेव्हा बाळारामची गाडी, आत पाड्यावरच्या बायका बसलेल्या, डांबरी सडकेपासून थेट चिंधूच्या दारापर्यंत आली.

पुढं ही बातमी भिवंडीत पोचली. सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, भातगिरणीवाले, ज्यांच्या यंत्रांचे पार्ट कुठंच मिळत नव्हते असे लोक अंजूरला यायला लागले, आणि केसरीनाथला पुन्हा कधी रिकामं बसावं लागलं नाही. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी तो आणि जानकीबाई अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर पाय सोडून बसली होती.

"आता जातानापन असंच, हळूहळू?" जानकीबाईनं विचारलं.

"असंच."

"मंग बसू अजून जरा," ती म्हणाली, आणि तिनं पाय आणखी खोल सोडले.