बिराजदार सरांचा अजबखाना आणि माझ्याकडचा दात

निलंग्याच्या गुंडाप्पा बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या हातात एक रिकामी लाकडी पेटी होती. अमृतमहोत्सवी ग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, पण खरे आहे ते आहे. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत होतो आणि सरांच्या संग्रहालयातला एक दात उचलून न्यायला आलो होतो.

संग्रहालय म्हणजे सरांच्या घरामागच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याचे शेड. गाव त्याला अजबखाना म्हणते. चित्रकलेचे शिक्षक असल्यापासून सर वस्तू जमवत आले. सुगरणीची तीन मजली घरटी, बिदरी हुक्क्याचे बूड, बैलाच्या पोटातून निघालेला केसांचा गोळा. एका अंधाऱ्या खोलीच्या दाराला छोटेसे भोक आहे. त्यातून बाहेरचा रस्ता समोर ताणून बांधलेल्या पांढऱ्या धोतरावर उलटा उतरतो. चिंचेचा शेंडा खाली, माणसे डोक्यावर चाललेली, एसटी वरच्या काठाला चिकटून गेलेली. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मी शाळेपासून पाठ म्हणत होतो. डोळ्यांनी पाहिले ते तिथे, एक्केचाळिसाव्या वर्षी. मी तोंड उघडे टाकून उभा होतो.

तिथे कुठल्याही वस्तूपुढे माहितीची चिठ्ठी नाही. दारात कागद-पेन्सिल मिळते. वस्तूचे आधी चित्र काढायचे, मग सर तिची हकिकत सांगणार. मोठा साहेब असो की बाजाराला आलेली बाई, कुणाला सूट नाही.

तो दात गावातल्या गिरजाबाईंना मांजरा नदीच्या वाळूत धुणे धुताना सापडला होता. दोन विटांएवढा. गाव त्याला राक्षसाची दाढ म्हणायचे. होती ती फार जुन्या काळच्या हत्तीची. मी दहा मिनिटांत चित्र काढून सरांपुढे टाकले. सरांनी ते निवांत पाहिले.

"तेरा कडा काढल्या तुम्ही. मोजून काढल्या, का पाठ हायत म्हणून काढल्या?"

मी मोजल्या. दातावर आडव्या कडा अकराच होत्या. तेरा होत्या त्या माझ्या पुस्तकात. इतकी वर्षे हेच शिकवणाऱ्या मला समोरची वस्तू दिसली नव्हती, याची अशी लाज वाटली की मी मुक्काम केला. दोन दिवसांत चार चित्रे काढली. चौथे पाहून सर म्हणाले, "आता दिसला तुम्हाला. न्या."

त्यांनी स्वतःच्या हातांनी पेटीत कापूस भरला. सहा महिन्यांत परत आणतो, असा मी शब्द दिला. गिरजाबाई दारातच होत्या.

"सर, माझा दात देऊन टाकला व्हय?"

"दिला न्हाई, बाई. परवासाला धाडलाय."

मग रिकाम्या चौरंगावर त्यांनी एक चिठ्ठी ठेवली. अख्ख्या अजबखान्यातली ती एकमेव चिठ्ठी: 'प्रवासाला गेला आहे.'

त्या दातावर माझा शोधनिबंध झाला, कौतुक झाले, पुढे विभागप्रमुखपदही आले. दात विभागाच्या नोंदवहीत चढला आणि कपाटात गेला. सहा महिन्यांची बारा वर्षे झाली. नियम आडवा येतो, असे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटे आहे. कुणी पाहुणा आला की मी कपाट उघडून तो दात दाखवायचो. त्याच्यावाचून मी चारचौघांसारखा एक मास्तर होतो.

मधल्या काळात लातूरला माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले. सर नऊ दिवस निलंग्याहून एसटीने येत राहिले, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. खिडकीबाहेरच्या कावळ्याच्या घरट्याचे चित्र त्यांनी तिला रोज काढायला लावले, आणि ती दुखणे विसरून काड्या मोजत बसली. दाताबद्दल एक अक्षर नाही. एकदा जरी विचारले असते, तर मी काहीतरी थाप मारून मोकळा झालो असतो.

गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी मी अजबखान्यात होतो. गिरजाबाई काठी टेकत आल्या. आता कमरेत पार वाकल्या आहेत.

"आला का ओ, सर?"

"येईल की. लांबचा परवास हाय."

बाई मान हलवून गेल्या. त्या दर बाजाराला विचारतात, हे मला तेव्हा कळले. मी चार हात अंतरावर उभा होतो, पण सरांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. माझी अब्रू ते एवढी वर्षे दर आठवड्याला राखत होते. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दात परत करण्यासाठी मी या महिन्यात अर्ज दिला. प्राचार्यांनी उभ्या उभ्या सही केली. हे लिहितो आहे तेव्हा दात माझ्या टेबलावर आहे. सत्काराच्या दिवशी मी तो मांडीवर घेऊन निलंग्याला येईन आणि आधी गिरजाबाईंच्या हातात देईन.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर एकदा रागवावे, एवढी माझी इच्छा आहे. पण ते रागावणार नाहीत. कागद-पेन्सिल पुढे करून "बसा की" म्हणतील, आणि मला मान वर करता येणार नाही.