दोन नाल्यांमधली सकाळ

मनालीला उतरलो तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की, आपण उत्तम मुहूर्त साधला असं मला वाटलं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी नाशिकचा, गंगापूर रोडला राहणारा बँकेतला कारकून. सोबत कळवणचे निकम मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारे. साल्हेर-मुल्हेर दोघांनी मिळून पायाखाली घातलेले. डोंगर आपल्याला कळतो, असा माझा समज होता.

वाटाड्या खेमचंद पन्नाशीचा. त्याच्या घरी सिड्डू (अक्रोडाचं सारण भरून उकडलेली गव्हाची जाड रोटी) तुपात बुडवून खाताना त्याने नियम सांगितले. बर्फ पहाटे कडक असतो, तेव्हाच चालायचं. नाला (घळीला तिकडे नाला म्हणतात) एकेकट्याने ओलांडायचा, पाठपिशवीचे पट्टे सैल ठेवून. ऊन चढलं की थांबायचं.

"पण ऊन म्हणजे चांगली हवा ना?" मी विचारलं.

"वसंत में धूप ही मारती है, बाबूजी."

मला काही उमगेना. आपल्याकडे दरड कोसळते ती पावसात. उन्हाला कोण भितं?

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला नाला कडकडीत बर्फावरून पार केला. पुढे फोटो काढण्यात मीच वेळ घालवला. दुसऱ्या नाल्याशी पोचेपर्यंत नऊ वाजले. उतारावरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे घरंगळत होते. खेमचंदने काठी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"आज नहीं. वापस."

"पन्नास पावलं तर आहेत! आभाळात ढगसुद्धा नाही!" मी चिडलो.

"भाऊ, तो म्हणतो तर ऐका ना," मास्तर म्हणाले. "आपल्याला इथलं काय कळतंय?"

परतलो. पहिला नाला अजून सावलीत होता. "यह ठीक है," म्हणत खेमचंद एकटा पलीकडे गेला आणि त्याने हात केला. मास्तर पट्टे सैल करू लागले. मी मात्र घुश्शातच एका मोठ्या खडकाआड बसलो आणि ठोकून दिलं, "पायात गोळा आलाय." बिचारे मास्तर माझी पोटरी चोळायला वाकले.

तेवढ्यात वर काहीतरी तडकलं. हवेचा असा धक्का बसला की आम्ही दोघेही खडकाला चिकटलो. नाल्यातून पांढरा लोट गडगडत खाली गेला. तोंडात, कानांत बर्फाचा भुगा. मास्तरांनी माझा हात घट्ट धरला होता. "खेमचंद!" मी ओरडत राहिलो. धुरळा बसला तेव्हा तो पलीकडे उभा दिसला, टोपी उडालेला. आम्ही त्या खडकाशीच कुडकुडत थांबलो आणि पुढच्या पहाटे, सगळं गोठल्यावर, पार झालो.

"तू तर म्हणालास हा ठीक आहे," मी त्याला म्हणालो.

"कहा था. नीचे की छाया देखी, ऊपर की धूप नहीं देखी."

म्हणजे जिथे तो घाबरला तिथे आमच्यादेखत काही पडलं नाही, आणि जिथे निर्धास्त होता तिथेच कोसळलं. मग आम्ही वाचलो कशामुळे? परतीच्या गाडीत नाशिकरोड येईपर्यंत मला उत्तर सापडलं नाही.

मास्तरांना सापडलं होतं. कळवणला चारचौघांत ते आजही माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "यांच्या पायाला आधीच कळलं हो, लय जाणता माणूस!" लोक माझ्याकडे आदराने बघतात. पायात गोळा आलाच नव्हता, मी नुसता रुसलो होतो, हे मास्तरांना सांगायचं अजून राहिलंय.