बाकावरचा गोलरक्षक

कायद्याच्या चौथ्या वर्षाला असताना मला येरवड्यातल्या एका ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. परदेशातले वकील त्यांचं वाचनाचं काम या ऑफिसकडे पाठवत. करार वाचायचा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणि ते कुठल्या कलमात आहे हे लिहून परत पाठवायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंटर्नशिप म्हणजे काय हे आईला समजावताना मला फक्त 'शिकाऊ' हा शब्द सुचला. आई म्हणाली, "रोज डबा घेऊन जातीस ना? मग शिकाऊ कशाला सांगती लोकांना?"

लोणी काळभोरहून हडपसर, तिथून बस बदलून येरवडा. पहिले काही दिवस मी ऑफिसात कुणाशी फारसं बोलले नाही. आपलं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलण्यापुरतं नाही, असं मला वाटायचं. आमचं काम तपासायला एक मॅडम होत्या. शनिवार पेठेत राहणाऱ्या, केस पांढरे, आवाज कधी न चढवणाऱ्या. आम्हा शिकाऊ मुलांनाही त्या अहो-जाहो करत, आणि त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागत असे. एकदा एका मुलाने दोन ओळींच्या प्रश्नाला चार पानं उत्तर लिहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "छान लिहिलंय. आता यातलं उत्तर कुठलं, तेवढं सांगा."

माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम हॉकीचं होतं. हॉकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे शाळेचं मैदान आलं, टोकाला वाकलेली काठी आणि गुडघ्याला लागलेली माती. करारात एका ठिकाणी बर्फाच्या देखभालीची जबाबदारी कुणाची हे लिहिलं होतं. मला वाटलं, खेळाडूंच्या सरबताची सोय असावी. तसं मी शेजारच्या मुलीला बोलूनही दाखवलं. तिने फोनवर सामना लावून माझ्यापुढे धरला. माणसं बर्फावरून पात्यांच्या बुटांवर वाऱ्यासारखी जात होती आणि एकमेकांना भिंतीवर आपटत होती. मी तो सामना जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पाहिला. डबा तसाच राहिला.

करार संघांचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेला होता. कित्येक शे पानं. मी आधी नुसती चाळली. विमानात कुणाला कसली जागा, जेवणाचा भत्ता, दुखापत झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा हक्क, पालक वारल्यावर रजा. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य कुणी सहज लिहिलेलं नाही. कुणावर तरी काहीतरी ओढवलं असणार, त्यावरून भांडण झालं असणार, मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली असणार आणि शेवटी हे वाक्य उरलं असणार. आमच्याकडे मी करार पाहिले होते ते घरभाड्याचे, तयार छापलेले, नाव आणि रक्कम भरायची. माणसं आपल्या कामाबद्दल इतकं बारीक ठरवून घेऊ शकतात, हे मला माहीतच नव्हतं.

प्रश्न एका गोलरक्षकाचा होता. तिकडे करार संपला म्हणून खेळाडू लगेच मोकळा होत नाही. आणखी काही वर्षं जुन्या संघाचा त्याच्यावर हक्क राहतो. दुसऱ्या संघाने बोलावलं, तरी जुना संघ तेवढाच पगार देऊन त्याला अडवून ठेवू शकतो. ठरलेलं वय झालं किंवा सात हंगाम जमा झाले, की मगच तो पूर्ण मोकळा. मग कुठल्या संघात जायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. आमच्या गोलरक्षकाचं वय अजून झालेलं नव्हतं. सहा हंगामांबद्दल वाद नव्हता. सातवा जमा धरायचा की नाही, एवढाच प्रश्न. हा प्रश्न पाठवणाऱ्या, त्याच्या वकिलाच्या पत्रात शेवटी एक साधं वाक्य होतं: त्याला घराजवळ जायचं आहे.

त्या सातव्या हंगामात तो आधी त्याच मालकांच्या खालच्या, राखीव संघात होता. मग वरच्या संघाचा एक गोलरक्षक आजारी पडला आणि याला बोलावून घेतलं. पण गोलात उभं राहायचं काम पहिल्या गोलरक्षकाचंच होतं. हा सगळं अंगावर चढवून, पायांना ती जाडजूड पॅडं बांधून, बाकावर बसायचा. पहिल्याला काही झालंच तर उतरायचं म्हणून. नंतर सरावात गुडघा दुखावला आणि बाकावर बसणंही संपलं.

मी दोन दिवस घेतले आणि उत्तर लिहिलं: हंगाम जमा होत नाही. करारात स्पष्ट होतं की गोलरक्षकाने ठरावीक मिनिटं खेळल्याशिवाय तो सामना त्याच्या नावावर धरत नाहीत. हा तर जवळजवळ खेळलाच नव्हता. मला ते इतकं उघड वाटलं की कॉलेजातली हजेरीच आठवली. वर्गात नव्हतास ना, मग गैरहजर.

मॅडमनी ते वाचलं. "हे मिनिटांचं वाक्य कुठून आणलंत?"

मी कलम दाखवलं.

"हे कुणासाठी आहे?"

मी पुन्हा वाचलं. ते कलम वेगळ्याच खेळाडूंसाठी होतं. वय थोडं वाढलेल्या, पण फारसं खेळायला न मिळालेल्यांना लवकर मोकळं करण्यासाठी. तिथे 'खेळला' हे मोजायचं होतं, म्हणून मिनिटं होती.

"आणि आपल्या माणसाचं कलम काय म्हणतं?"

मी पानं उलटली. तिथे मिनिटं नव्हती. खेळण्याचा उल्लेखच नव्हता. किती सामन्यांसाठी तो संघाच्या चालू यादीत, म्हणजे खेळायला तयार असलेल्यांत, होता, एवढंच विचारलं होतं.

"एका घराची किल्ली दुसऱ्या घराला लावलीत," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या वकिलांनीही हेच केलं असेल म्हणा, कारण पत्रात ते तसंच सुचवतायत. दुपारपर्यंत वेळ आहे. आता हेच कलम वाचा, दुसरं काही नको."

मी जागेवर येऊन बसले, पण वाचवेना. मला माझे पप्पा दिसत होते.

पप्पा शहरातल्या एका बँडमध्ये आहेत. लग्नाच्या वरातीत वाजवतात तो बँड. पूर्वी ते पितळी बाजा फुंकायचे. मी लहान असताना त्यांना छातीचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी फुंकायचं बंद केलं. तरी मालकाने त्यांना काढलं नाही, कारण बँडच्या धंद्यात एक रीत आहे. लग्नाची सुपारी ठरते ती माणसांवर. एकवीस जणांचा बँड सांगितला, तर मांडवाच्या दारात एकवीस लाल कोट दिसले पाहिजेत. त्यातले सगळेच वाजवत नाहीत. चारपाच जण बाजा नुसता ओठांना लावून, गाल फुगवून चालतात. पप्पा त्यातले झाले. सोनेरी झालरीचा कोट, तुऱ्याची टोपी, सगळं इतरांसारखंच. हजेरीही इतरांसारखीच. कोट अंगावर चढला की माणूस धरला, असं मालक म्हणायचा. गल्लीतले मात्र सोडायचे नाहीत. पप्पा घरी आले की कुणीतरी कट्ट्यावरून विचारायचं, "काय भाऊ, आज कुठलं गाणं नाही वाजवलं?" पप्पा म्हणायचे, "तुमच्या आवडीचंच."

मला त्या विनोदावर कधी हसू आलं नाही. पण त्या दुपारी, येरवड्यातल्या त्या थंडगार ऑफिसात, सातासमुद्रापलीकडच्या करारात मला माझे पप्पा सापडले होते. सगळं अंगावर चढवून तयार बसलेला माणूस. तो खेळला नाही, तरी तो होता. कुणीतरी कधीतरी टेबलावर हात ठेवून म्हटलं असणार की याचाही दिवस धरा, तोही तिथंच होता, कुठे दुसरीकडे गेला नव्हता. आणि समोरच्यांना ते मान्य करावं लागलं असणार. पुढे आणखी एक ओळ होती. इतरांना हंगाम जमा व्हायला जेवढे सामने लागतात, त्यापेक्षा गोलरक्षकाला कमी लागतात. का, ते लिहिलेलं नव्हतं. मी किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. अंगावर काटा येणं म्हणजे काय, हे मला देवळात कळलं नव्हतं. इथे कळलं.

मग मी बाकावरचे सामने मोजले. कमी पडत होते. फार नाही, पण कमी.

आता दुखापत उरली. मी परत कलमाकडे आले. तिथेच पुढे होतं: संघाच्या यादीत असताना खेळामुळे दुखापत झाली, तर त्यामुळे हुकलेले सामनेही धरायचे. खेळामुळे म्हणजे काय, याचा अर्थ करारात दुसरीकडे दिला होता. सामना, सराव, संघाबरोबरचा प्रवास. मी डॉक्टरांचा कागद काढला. गुडघा सरावात दुखावला होता. मग मला भीती वाटली की तेव्हा तो नक्की वरच्या संघात होता का. खालच्या संघात परत पाठवल्यावर लागलं असेल, तर सगळं गेलं. मी दुखापतीची आणि यादीची, दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. तो वरच्या यादीत होता. हुकलेले सामने मिळवले, तर हंगाम भरत होता.

मी शाळेतल्यासारखा हात वर करून मॅडमना बोलावलं. त्या आल्या, उभ्यानेच वाचलं, दोन्ही तारखा स्वतः पडताळल्या. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. ऑफिसात त्या कुणाच्या शेजारी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"समोरची बाजू काय म्हणेल?" त्यांनी विचारलं.

"म्हणतील, तो खेळलाच नाही."

"मग आपण काय म्हणू?"

"जिथे खेळण्याला महत्त्व द्यायचं होतं, तिथे यांनीच मिनिटं लिहिली. इथे लिहिली नाहीत. म्हणजे इथे ती नको होती."

मॅडमनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "लिहा," म्हणाल्या. "एका पानात. मराठी माध्यमाच्या मुलीचं इंग्रजी आखूड असतं, ते आज उपयोगी पडेल." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेष्टा करत होत्या की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी, तिकडे सकाळ होताना, उत्तर गेलं.

त्या रात्री जेवताना मी पप्पांना सगळं सांगितलं. गोलरक्षकाचं नाव मला सांगायचं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वेगळंच पडलं होतं. "बसून असतो त्याची पॅडं कोण वाहतं? स्वतःच?" मला माहीत नव्हतं. दुखापतीचं कलम सांगितल्यावर मात्र त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. एका वरातीत घोडी बिथरून त्यांच्या पायावर पडली होती. पुढचे कितीतरी दिवस त्यांचा कोट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात होता, आणि हजेरीही त्याचीच.

"आन् तिकडं तेबी धरत्यात?"

"धरतात. लिहिलंय तसं."

"कुणी लिहिलं?"

"खेळाडूंनीच. मालकांशी भांडून."

"भारी मान्सं हायेत," पप्पा म्हणाले आणि ताटातला घास उचलला.

निकाल काही आठवड्यांनी आला. समोरच्या बाजूने थोडं ताणलं आणि मग सातवा हंगाम मान्य केला. मॅडमनी ते पत्र मला पाठवलं, वर एकच शब्द: वाचा. माझी इंटर्नशिप तोवर संपत आली होती. गोलरक्षक कुठे गेला हे मी घरी बसून फोनवर शोधलं. पप्पा अंगणात कोटाच्या झालरी उन्हात पसरत होते. लग्नसराई संपली होती आणि कोट कपाटात जायचे होते.

"लागला का निकाल तुझ्या त्या बसलेल्याचा?"

"लागला. मोकळा झाला. घराजवळच्या संघात गेला."

"आता खेळतो?"

"नाही. तिथंपण दुसराच गोलरक्षक."

पप्पा हसले. "म्हंजे परत बसूनच."

"बसूनच. पण कुठं बसायचं ते त्यानं ठरवलं."

पप्पांनी एक सुटलेलं बटण बोटाने दाबून पाहिलं. "घरी जेवायला जाता यील का त्याला, रोज?"

"येईल."

"मग झालं तर." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते कलम मराठीत कर की एकदा. आमच्या मालकाला दाखवू. बघू तरी काय म्हणतो."

ते चेष्टेत म्हणाले होते, पण मी आत जाऊन कागद घेतला. सोपं नव्हतं. इंग्रजीत ते वाक्य माझ्यापुढे तयार होतं. मराठीत ते कुणाच्या तोंडून बोलायचं, तेच ठरेना. काम करणाऱ्याच्या, की हजेरी धरणाऱ्याच्या? दोन-तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं: 'जो पोशाख करून तयार उभा आहे, तो त्या कामात होता असे धरावे. काम करताना लागले म्हणून जो येऊ शकला नाही, तोही होता असे धरावे.'

पप्पांनी हात धोतराच्या फडक्याला पुसले आणि कागद घेतला. ते मोठ्याने, एकेक शब्द सोडवत वाचतात. "धरावे," त्यांनी शेवटचा शब्द दोनदा वाचला. मग कागदाची घडी घालून लाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि कोट उन्हातून उचलला.