अण्णांचा नवा आवाज

उदगीरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्याजवळ सामानाचे दोनच डाग होते. एक कपड्यांची बॅग, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला वाजवायचा की-बोर्ड. कंडक्टर म्हणाला, "ते टपावर टाका." मी ऐकलं नाही, मांडीवर घेऊन बसलो. माझे वडील, अण्णा, खिडकीखाली उभे होते. ते शाळेत मराठी शिकवायचे. ते कविता म्हणू लागले की शेजारचा वर्गसुद्धा गप्प बसायचा. चादरीकडं बघत ते म्हणाले, "देवानं गळा दिलाय तुला. तो सोडून यंत्राच्या मागं कामून लागलास?" मी उत्तर द्यायच्या आत गाडी सुटली.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गेले, त्यांना हे ठाऊक असेल: आपण नोकरीसाठी गेलो असं सांगतो, पण मनात दुसरंच काहीतरी असतं. नांदेडला डिप्लोमा करताना मी प्रयोगशाळेतल्या एका सर्किटमधून पहिल्यांदा सूर काढला होता. सपाट, नाकातला, बेसूर म्हणावा असा. पण तो मी काढला होता. पुण्यात दिवसा मीटर तपासायची नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून ते सूर एकावर एक रचले. आधी जुना कॉम्प्युटर, मग आवाज एकत्र करायचा मिक्सर, मग नवे सूर घडवणारा सिंथेसायझर. लग्न झालं, मुलगी झाली, कपाटाचा एक खण वायरींनी भरला. इंटरनेटवर माझं संगीत ऐकणारे पन्नासेक लोक असतील, त्यांतला एकही उदगीरचा नाही. एकदा अण्णांना ऐकवलं होतं. दोन मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "गिरणी चालू हाय असं वाटतंय," म्हणाले, आणि चहा मागितला.

पण त्यांचा आवाज मला हवा असायचा. दर रविवारी फोन व्हायचा आणि मी तो रेकॉर्ड करायचो. त्यातला एखादा शब्द, खोकला, होकाराचं "हाव" म्हणताना लांबवलेला स्वर तेवढा कापून घ्यायचो, खाली-वर करायचो आणि संगीतात वापरायचो. बाकीचं पुसून टाकायचो, कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडायची म्हणून. असं बरीच वर्षं चाललं.

गेल्या वर्षी अण्णांच्या घशात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं. सगळं इतक्या घाईत झालं की मी पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आणल्यावर ते पाटीवर लिहून बोलायला लागले. आई फारशी शिकलेली नाही. तिला वाचायला वेळ लागतो, आणि अण्णांना तो वेळ सोसायचा नाही. ते लिहायचे, चिडायचे, पुसायचे. एक दिवस आई माझ्याजवळ येऊन बसली.

"तू फोनवरचं भरून ठेवायचास न्हाई का रे? मला ऐकव एकदा. काही का असंना. पाऊसपाण्याचं बोललेलं चालंल."

मी लॅपटॉप उघडला. खोटं बोलता आलं असतं, पण जमलं नाही. मी तिला खरं सांगितलं: पूर्ण वाक्य एकही नाही. तुकडे आहेत. तिनं ऐकवायला लावले. "हाव." खोकला. "ब". पुन्हा "हाव", पण बाईच्या आवाजात, कारण मी तो वर चढवला होता. आईनं थांब म्हणून हात वर केला.

"म्हंजे त्यांचं बोलणं तुला नकोच होतं," ती म्हणाली. "नुसता आवाज पाहिजे होता."

ती उठून आत गेली. माझ्या धाकट्या भावानं, विजयनं, सगळं ऐकलं होतं. तो इथंच राहिला, दुकान आणि आई-अण्णा दोन्ही सांभाळतो. तो दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडला. भांडला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून एक यंत्र दिलं होतं, टॉर्चएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते घुमतं, आणि ओठ-जीभ हलवली की त्या घुमण्याचे शब्द होतात. अण्णांनी ते एकदाच वापरलं होतं, दारात दूध घालायला आलेल्या बाईशी बोलायला. ती दचकून मागं सरली. त्या दिवसापासून यंत्र ड्रॉवरमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते बाहेर काढलं. बटण दाबलं आणि ओळखलं, हा तर तोच सपाट, नाकातला सूर. त्याला सूर खाली-वर करायची एक चकती होती. माझ्याकडच्या तुकड्यांत न बिघडवलेला एक "हाव" सापडला. त्यावरून अण्णांचा सूर मोजला आणि चकती तिथं आणली. मग त्यांच्यासमोर बसलो. गळ्यावर नेमकं कुठं टेकवायचं ते शोधलं, दोन शब्दांमध्ये अंगठा उचलायला सांगितलं. आधी ते मान फिरवून बसले. मग ऐकायला लागले. ज्यांनी मला बाराखडी शिकवली ते माझ्यापुढं "क, का, कि" म्हणत होते. तास दीड तासानं ते सलग बोलले:

"माझ्यासारखं हाय का?"

"थोडंफार आहे, अण्णा."

"न्हाई," ते म्हणाले. "पण बोलता येतंय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बंद करा ते," ती म्हणाली. "मला न्हाई ऐकवत. घरात दुसराच माणूस बोलून राहिला असं वाटतंय."

अण्णांनी अंगठा उचलला आणि पाटी जवळ ओढली. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला परत आलो.

तीनेक आठवड्यांनी संध्याकाळी अण्णांच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं, विजय असेल. पण तो सूर ऐकू आला. ते गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीआड बसलोय म्हणाले, म्हणजे खाली ऐकू जात नाही. मग अर्धा तास बोलले. शाळेतला कुणी जुना सोबती भेटला होता ते, लातूरच्या डॉक्टरचं, तुरीचं. मध्येच विचारलं, "सूर अजून खाली जातो का रे याचा?" मी सांगितलं कसं करायचं. त्यांनी करून दाखवलं आणि हसले. हसू ऐकू येत नाही, नुसता श्वास येतो.

आता ते आठवड्यातून दोनदा बोलतात. आईला हे माहीत नाही. परवा तिचाही फोन आला. "घर लई गप झालंय रे," ती म्हणाली. "ते दिवसभर पाटी घेऊन बसतेत. तू तिकडं हायेस तेच बरं."

मी "हं" म्हणालो. त्याच संध्याकाळी अण्णा माझ्याशी पाऊण तास बोलले.

मी गेलो तेव्हा घर मागं राहिलं असं इतकी वर्षं समजत होतो. आता ते दोन नंबरांवरून येतं. एका नंबरावर वडील बोलतात, दुसऱ्यावर आई त्यांच्या मुकेपणाचं सांगते. दोघंही एकाच छताखाली आहेत, आणि एकाचं दुसऱ्याला कसं सांगावं हे मला अजून कळलेलं नाही.