लाइनमन बाबुरावांची गाठ

येरवड्यात लाइनमन बाबुराव म्हटलं की कुणीही बोट दाखवून घर सांगतं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. ज्या काळी फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळी बाबुराव खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन गल्लीत शिरले की बायका ओवाळायच्या तेवढ्या बाकी राहत. फोन लागला की पेढा, बंद पडला की चहा. मग मोबाइल आले, खांब गंजले, बाबुराव रिटायर झाले आणि पेढे बंद. तेव्हापासून एकच सल. घरात एवढ्या तारा, पण विचारत कोणी नाही!

त्या बुधवारी मात्र वेळ आली. त्यांच्या नातीची, मैत्रीची, हिंजवडीच्या एका कंपनीत मुलाखत होती, अकरा वाजता, घरूनच लॅपटॉपवर. अकरा कंपन्यांनी ‘कळवू’ म्हणून काही कळवलं नव्हतं. ही बारावी. आणि सव्वादहाला नेट गेलं. म्हणजे धड गेलंही नाही. लॅपटॉप म्हणतो, वायफाय जोडलंय. रेघा भरलेल्या. पण आत काही येईना, बाहेर काही जाईना. राउटरवर एक लाल दिवा तेवढा डोळे वटारून बसलेला.

मैत्रीने राउटर तीनदा बंद करून चालू केला. सून नंदाने नेटवाल्यांना फोन लावला. ‘माणूस आज-उद्यात येईल,’ असं उत्तर मिळालं. मोबाइलवरून जोडावं, तर घरात रेंज फक्त संडासाच्या खिडकीत.

“तिथे बसून देऊ का मुलाखत?” मैत्री रडकुंडीला आली.

“अहो बाबा, तुम्ही काही हात लावलात का याला?” नंदाने विचारलं.

“मी?” बाबुराव उखडले. “माझ्या हाताने लाइन लागते, जात नाही! ही आजकालची पोरं तारा कशा लोंबकळत ठेवतात बघा. आत्ताच गच्चीवर मी...” इथे ते एकदम चपला शोधू लागले. “लाइन टोकापासून बघायची असते. आलोच मी.”

झालं होतं असं. नातीची मुलाखत, लाइन एकदा नजरेखालून घालावी, म्हणून बाबुराव दहा वाजता गच्चीवर गेले होते. नेटची तार सैल लोंबत होती. लाइनमनच्या डोळ्याला हे सोसावं कसं? त्यांनी ती खेचली, पाइपाला दुमडून घेतली आणि सुतळीने करकचून आवळली. दुहेरी फास, वर एक वेढा, ही त्यांची खास गाठ. तांब्याची तार अशी बांधली की वादळातही हलत नाही. पण या तारेच्या पोटात केसाएवढी काच असते, तिला मुरड चालत नाही, हे मैत्रीनेच कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा बाबुराव म्हणाले होते, “आम्हाला शिकवू नकोस.”

आता स्वतःची गाठ स्वतःलाच सुटेना. शेवटी दाताने सुतळी तोडली. तार मोकळी झाली, पण मुरड राहिलीच. खाली तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत नंदा उभी.

“आता?”

“लाल!”

तार छातीशी धरली. “आता?”

“लालच!”

दोन्ही हात डोक्यावर नेऊन तारेची अलगद कमान केली.

“हिरवा! बाबा, हिरवा! हलू नका!”

अकराला दोन मिनिटं कमी होती. वर एप्रिलचं ऊन, खाली तापलेली गच्ची आणि मध्ये बाबुराव. पंधरा मिनिटांत हातांना मुंग्या आल्या. विसाव्या मिनिटाला नाक खाजायला लागलं. आता आली का पंचाईत! तेवढ्यात शेजारचे रावसाहेब पाण्याची टाकी बघायला वर आले.

“जय भीम, बाबुराव. कवायत का?”

“जय भीम. मुलाखत चाललीय.”

“कुणाची?”

“मैत्रीची.”

“मग हात तुम्ही का वर केलेत?”

“रावसाहेब, चौतीस वर्षं खांबावर चढलो, आज खांब झालोय. प्रश्न पुरे. माझं नाक खाजवा.”

रावसाहेबांनी मुकाट्याने खाजवलं. शेजारधर्म म्हणतात तो आणखी काय असतो!

पावणेबाराला मैत्री धावत वर आली. “झालं आजोबा, सोडा!” पण हात खाली येईनात. रावसाहेबांनी ते एकेक करून उतरवले.

मैत्रीने तारेची मुरड पाहिली, मग पाइपाला लटकलेली सुतळी. “इथे कुणीतरी तार बांधली होती.”

“असतात काही गाढवं,” बाबुराव टाकीकडे बघत म्हणाले.

मैत्री हसली नाही. दुहेरी फास, वर एक वेढा. शाळेत तिच्या डब्याच्या पिशवीला रोज हीच गाठ असायची. तिला ती कधी सुटली नाही, पण डबाही कधी सांडला नाही. तिने सुतळी काढून मुठीत घेतली.

“परवा दुसरी फेरी आहे, आजोबा.”

“अरे वा! मग मी सकाळीच गच्चीवर...”

“नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं,” मैत्री म्हणाली. “आणि हात मांडीवर ठेवायचे. दोन्ही.”